रकाना सातवा

कणकुंबीच्या वरच्या सड्यावर
पाच बाय पाचचे चौकोन आखलेत, एकूण चाळीस.
दहा भाताचे, दहा काजूचे,
दहा जिथं म्हशी चरतात,
आणि दहा जिथं कुणी काही करत नाही
असं आम्ही धरून चाललोय.

काम सोपं: दगड उचलायचा, खाली बघायचं,
मोजायचं, दगड होता तसाच ठेवायचा.
'होता तसाच' हे शब्द सरांनी दोनदा अधोरेखित केलेत.

काजूत आज सतरा दगड. एक विंचू.
भाताच्या खाचरात दगडच नाहीत,
ते सगळे बांधात जाऊन बसलेत,
आणि बांध उचकटून बघायची परवानगी
ना रवळू गावड्यानं दिली, ना मी मागितली.

ठकू लांबोर म्हशी घेऊन वर येते
तेव्हा माझा सातवा रकाना भरतो:
उपद्रव, चराई, होय.
"काय लिवलंस?"
म्हशी आल्या म्हणून लिहिलं.
"मग नावं लिव की. ही गंगी, ती चांदी,
मागची ती मारकी, तिला नाव न्हाई."

फॉर्म कन्नडात छापलेला, ठकू मराठीत बोलते,
अहवाल इंग्रजीत जाणार.
दगडाखालचं देवगांडूळ
आपलं तोंडाचं टोक कुठलं
हेही सांगत नाही.

चौकोन सत्तावीस.
ठकू काठीनं चिखलातला खूर दाखवते.
खुरात ओंजळभर पाणी, पाण्यात
मोहरीला शेपटी फुटावी तशी
बेडकाची पिल्लं. नऊ.
"वरचं डबकं आटलं, आठ दिस पाऊस न्हाई.
खरं ही हैत बघ, गंगीच्या पायात."

वीतभर पलीकडे दुसरा खूर,
त्यात अंड्यांचा पुंजका चेंगरलेला.
तोही गंगीचाच पाय.
सातव्या रकान्यात होय आणि नाही,
एवढंच आहे.

रात्री पडवीत पोटरीच्या जळवा काढताना
आठवलं, चाळीसही चौकोनांतून
रोज जातेय बुटांची एक जोडी, नंबर पाच.
तिला रकानाच नाही.

सकाळी धुकं होतं तेव्हाच गेले.
चौकोन एकतीस,
कुणी काही करत नाही त्यांतला पहिला.
टाचेच्या खळग्यात पाणी साठलेलं.
गुडघ्यांवर बसले.
ठकू खालून ओरडली, "किती गं?"
थांब म्हटलं,
हलतायत.