डावीकडचा ब्रेक

बहात्तर सालची फियाट, पिस्त्याच्या रंगाची,
चाळीसगावात सुभान तडवीच्या गॅरेजात
मंगळवारपासून ठोकळ्यांवर उभी आहे.
पुढची चाकं भिंतीला टेकलेली.

सुभानने ड्रम ठोकून सोडवला
तशी आतून राखाडी पूड सांडली.
"फुंकू नका ताई, छातीत बसते,"
म्हणाला, आणि ओल्या फडक्याने पुसून घेतलं
अण्णांचं कितीतरी वर्षांचं थांबणं.

तितूरची फरशी ओलांडली
की अण्णा ब्रेक अर्धवट दाबून अर्धा मैल चालवायचे,
शू सुकेपर्यंत.
घाटात तीनदा पंप. तिसऱ्याला धरायचा.
धरला की गाडी डावीकडे ओढायची,
म्हणून स्टीअरिंग आधीच जरासं उजवीकडे.
हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.
मला गाडी शिकवताना तर नाहीच.
कन्नडचा घाट उतरताना एका वळणावर माझं मला कळलं,
समोरून ट्रक नव्हता
म्हणून सांगायला उरले.

(अण्णा गेले ते पलंगावर, झोपेत.
गाडीचा त्यात काही दोष नाही.)

हब धुळ्याला लेथवर जाऊन आला. कॅलिपर मारुतीचं.
ते धरायला ब्रॅकेट हवा, तो सुभानने
आधी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतून कापला,
चि. युवराज अर्धा, चि. सौ. कां. अर्धी,
मग जाड पत्र्यातून.
चाक चढवलं. रिम घासली.
उतरवलं, कानस मारली, चढवलं. घासली.
त्याने अर्धी शिवी दिली,
उरलेली माझ्याकडे बघून गिळली.

मग मास्टर सिलिंडर उघडून
हरभऱ्याएवढी एक झडप दाखवली.
"पाय काढला तरी ही जरा धरून ठेवते.
ड्रमला तेवढं लागतं.
डिस्कला नाही चालत.
डिस्क सोडली म्हणजे सोडली पाहिजे,
नाहीतर चालता चालता तापते."
झडप माझ्या तळव्यावर ठेवली.
मी ती पर्समध्ये टाकली. कशाला, कोण जाणे.

मागचे ड्रम राहू दिले.
हँडब्रेक त्यांनाच जमतो, म्हणे.

पेडलखालचा रबर काढताना
डाव्या सीटपुढच्या मॅटलाही भोक सापडलं,
खालचा पत्रा घासून रुपयाएवढा चकाकणारा.
"इथं काय होतं, ताई?"

स्टुलावर बसलेली आई
बशीतला चहा फुंकायला लागली.
थंड झाला होता तो केव्हाच.

प्रत्येक वळणाला, प्रत्येक म्हशीला,
बसच्या मागून धावत सुटणाऱ्या प्रत्येक पोराला
तिने गाडी थांबवली होती,
अण्णांच्या आधी.

संध्याकाळी नळ्यांतली हवा काढायची होती.
हाताखालचा पोरगा बाजाराला गेलेला.
माझ्या हातात बाटली, सुभान चाकाशी आडवा.
"कुणीतरी पेडलवर बसा."

आईने कप खाली ठेवला,
गाडीला पूर्ण वळसा घातला
आणि जन्मात पहिल्यांदा उजव्या दारातून आत बसली.

"दाबा. दाबा. दाबा. आता धरा."
नळीतून बुडबुडे आले, फुर्रकन, बाटलीभर.
"सोडा. परत दाबा. धरा."
बुडबुडे लहान झाले. मोहरीएवढे. मग एकच.
मग नुसतं तेल, स्वच्छ, मधासारखं.
"काकू, पाय भलताच स्थिर तुमचा.
ड्रायव्हर होता का?"
"आते सोडू का?"
"सोडा. हवा संपली."

तिने लगेच सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी घाट.
गाडी पहिल्या दाबालाच थांबते आता, सरळ.
माझा पाय मात्र तीनदा पंप करतो,
आम्ही दोघी तीनदा नमस्कार करतो काचेला,
हात आधीच उजवीकडे वळतो
आणि गाडी खरंच उजवीकडे जाते.

नव्या मॅटवर आईने पाय रोवलेला.
"आता गरज नाही गं त्याची."
ती समोरच बघत होती, दरीच्या कठड्याकडे.
"तू तुना दाब," म्हणाली.