पहिली रांग

हॅलिफॅक्सला दुपारी चारलाच दिवा लागतो.
विल्फ्रेड अ‍ॅक्रॉइड, निवृत्त बसचालक,
बोटाच्या पेराएवढा शिपाई बुचावर चिकटवतो,
श्वास रोखतो,
आणि चार केसांच्या कुंचल्यानं
त्याचा डोळा उघडतो.

दुसरा चुकतो. पुसतो. पुन्हा.

पायाखाली डिंक, वाळू,
कॉफीचा वाळवलेला चोथा: हा चिखल.
गवत टाचेपाशीच, चिमूटभर;
फार नको, तोफा गेल्यात इथून.

नात विचारते, यातलं आधी कोण मरणार?
"पहिली रांग."
मग त्यांचीच बटणं एवढी निगुतीनं का?

तो कुंचला विसळतो.
पाणी निळं होतं, मग मातकट.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये
फासा एकवर पडतो.
अंड्यांच्या खोक्यातून रांग घरी येते,
बटणं लखलखीत.

एकाचा बूट मात्र रंगवायचा राहिलाय.
बरं झालं, दिसला.