कूलर बंद करून

आधी कूलर बंद करते.
मग पंखा. मग ट्यूबलाइट.
मे महिना, बाहेर सेहेचाळीस,
मेडिकलच्या जुन्या इमारतीतली ही माझी खोली
आणि खाटेवर झिबलजी पराते, गोळीबार चौकातले,
म्हणतात, "मारतं काय बाई गर्मीनं?"

काय सांगू.
तुमच्या हातातली वीज फार हळू बोलते बाबा,
आणि कोराडीची वीज या भिंतींतून
सेकंदाला पन्नासदा गुणगुणत असते.
दोघींचं एकदम ऐकू येत नाही.

बंडी खुर्चीवर काढून ठेवलेली,
पाठीवर घाम वाळून मिठाचे कंगोरे.
हेच मीठ.
पेशीबाहेर सोडियमची गर्दी, आत पोटॅशियम,
मधे दिसणारही नाही इतका पापुद्रा
आणि एक पंप:
तीन बाहेर, दोन आत,
तीन बाहेर, दोन आत,
तुम्ही झोपलात तरी, जेवलात तरी, भांडलात तरी.
म्हणून आतली बाजू उणे सत्तर.
सत्तर मिलिव्होल्ट.
देव्हाऱ्यातला लाल बल्बही पेटणार नाही त्यावर.

कोपराशी फुली, मनगटाशी फुली,
मधे टेप धरते, शिंप्याची, महालातून आणलेली.
एकवीस सेंटिमीटर.
पाच मिलिॲम्पिअर. काही नाही.
सात. काही नाही.
"बंद हाय का वो मशीन?"
नऊ,
आणि अंगठा उडतो.

"म्या नाई हालवला," ते म्हणतात,
जणू मी चोरीचा आळ घेतलाय.

नाहीच हलवला तुम्ही.
एका तंतूला अर्धं बोलता येत नाही, बाबा.
उंबरठ्याच्या अलीकडे तो मुकाच,
ओलांडला की सगळं बोलून मोकळा.
मी आकडा वाढवते तेव्हा त्याचा आवाज वाढत नाही,
शेजारचे तंतू उठतात.

आणि तारेतून धावते तशी ही धावत नाही.
एका ठिकाणी दारं उघडतात, सोडियम आत घुसतो,
त्या गडबडीनं पुढची दारं जागी होतात.
मागची क्षणभर बहिरी,
म्हणून निरोप उलटा फिरत नाही.
वरून चरबीचं वेष्टण, मधे मधे उघडी फट,
फटीवरून फटीवर उडी,
आणि प्रत्येक फटीत तो नव्यानं बोलला जातो,
पहिल्याइतकाच खणखणीत.

झिबलजी छताकडे बघत ऐकतात.
"म्हंजे सांधत सांधत जाते," म्हणतात.
मी मान डोलावते, अंधारात.

चाळीस वर्षं हातमाग.
लाइट गेली तरी तुटलेल्या धाग्याचं टोक
बोटानं शोधायचे, डोळ्यांनी नाही.
आता? "बोटाले कापूस बांधल्यावानी लागते.
रात्री तं झटकत बसतो हात, बुढी म्हन्ते भूत लागलं."

कोपर ते मनगट, चार मिलिसेकंद.
सेकंदाला बावन्न मीटर. चांगलं.
मनगट ते अंगठा, जेमतेम सात सेंटिमीटर,
तिथे साडेसहा.
चारात व्हायला हवं होतं.
दोन बोटं रुंद पट्ट्याखाली
वेष्टण दबून दबून विरलंय,
उडी घ्यायची जागा सापडत नाही निरोपाला.

"मले किती भेटले?"
बावन्न, मी म्हणते.
"पास?"
कोपरापासून मनगटापर्यंत पास, बाबा. मनगटात अडकलात.
ते हसतात, दोन दात नसलेलं हसू,
"तेच तं. घराजवळ येऊनच सायकल पंचर होते नेहमी."

डॉक्टर सांगतील पट्टी की ऑपरेशन.
मी हिरवी वायर सोडवते, जेल पुसते.
बंडीचं बटण उजव्या बोटांना सापडत नाही,
एकदा, दोनदा,
मग डावा हात येतो मदतीला,
त्याला कुणी हाक मारल्याचं मला दिसलं नाही.

ते गेले. दार उघडं, झळ आत.
मी कूलर लावते.
तारा कुणालाच जोडलेल्या नाहीत,
तरी पडद्यावर रेघ सुजत जाते,
पन्नास, पन्नास, पन्नास,
आणि तेवढा वेळ,
पुढचा नंबर पुकारायच्या आधी,
मी माझा अंगठा बघत उभी.