डाव्या बाजूचे खांब

टेपचं एक टोक बस्त्यांवकडे, दुसरं माझ्याकडे,
मधे सव्वीस फूट अंधार
आणि विझलेल्या मेणबत्त्यांचा वास.
डावीकडचे खांब उजवीकडच्यांपेक्षा चार इंचांनी बुटके निघाले.
पुन्हा मोजले. साडेचार.

"टेप तुमची बरोबर आसा, बाय," तो म्हणाला,
"इगर्जच चुकली हा."

बाहेर वेंगुर्ल्याकडे निघालेली होडी फटफटत गेली.
मी लिहीत राहिले:
जांभ्याचे चिरे. शिंपल्यांचा चुना,
गुळाच्या पाण्यात मळलेला, बेलफळाचा गर घालून,
खाडीपलीकडच्या देवळाला लागला त्याच भट्टीतला.
चुन्याला कोण विचारतं, कुणाच्या घरी जातोस म्हणून.

छप्पर गलबतं बांधणाऱ्या सुतारांचं.
त्यांना एकच गोष्ट येत होती,
ती त्यांनी उलटी करून भिंतींवर ठेवली:
मधोमध कणा, दोन्हीकडे फासळ्या,
सांध्यांत काथ्या आणि राळ ठासलेली.
"थेंब म्हणान आत येणा नाय," बस्त्यांव सांगतो
आणि कोपऱ्यातली बादली पायाने हळूच मागे सारतो.

खिडक्यांत काच नाही,
घासून घासून पातळ केलेले शिंपले;
त्यांतून उजेड येतो ताकासारखा,
आणि तेवढाच वेदीपर्यंत पोचतो.

वेदीवर चार देवदूत.
ज्याने कोरले त्याने देवदूत पाहिलेला नव्हता.
खंड्या पाहिला होता, म्हणून पंख तसे;
दशावतारातला राजा पाहिला होता रात्रभर जागून,
म्हणून भुवया कपाळात चढलेल्या, गालांवर हिंगूळ.
चौथ्याच्या ओठांशी चक्क तुतारी.
आता कुठल्याही क्षणी संकासूर येईल
असे चौघेही दाराकडे बघत उभे.

उत्तरेच्या भिंतीवर शेवटचा न्याय.
खाऱ्या हवेने आधी स्वर्ग खाल्ला,
संतांचे पाय तेवढे उरलेत, ढगांवर, अनवाणी.
नरक मात्र ठणठणीत:
ज्वाळा, कढई, आणि कढईत
तराजू न सोडणारा मासळीचा दलाल.
"लिलावाचे लोक हय बसणत नाय," बस्त्यांव म्हणतो,
"ते सगळे त्या बाजूक."

दुपारी तो भाकरी खायला गेला.
मी डाव्या खांबाशी एकटीच;
पोपडा सुटलेला, आत चिऱ्यावर खुणा,
सुताला गेरू लावून मारलेल्या आडव्या रेघा.
एकीवर अंगठा ठेवला, करंगळी ताणली,
ती दुसरीवर जाऊन टेकली. अगदी नेमकी.
उजव्या खांबावर तसंच करून पाहिलं,
करंगळी बोटभर कमी पडली.

म्हणजे दोघं होते.
पलीकडे मोठ्या पंजाचा कोणी,
आणि इकडे,
माझ्याएवढ्या हाताचं कोणीतरी.
मुलगा असेल, शिकाऊ. किंवा नसेल मुलगा.
बारा विती दोघांनीही प्रामाणिकपणे मोजल्या,
मग वर तुळई बसेना तेव्हा कोणीतरी
डावीकडे फणसाची फळी सारली.
ती अजून आहे. मी शिडीवरून पाहिली.

तक्त्यात "दोष" असा रकाना आहे.
तिथे साडेचार लिहिलं,
इंच लिहिताना पेन अडलं.

बस्त्यांव आला, मिशीला कढीचा थेंब.
"गावला काय?"
मी हात पाठीमागे घेतला, का कोण जाणे.
चुना लागला होता बोटांना.

"दार जरा नेट लावन ओढा," तो म्हणाला,
"वारो आसा."