कोंबडं टोपलीखाली

मेणबत्ती मी धरायची, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला,
म्हणजे बोटांच्या कडा लाल दिसतात.
लायडनच्या थंडीत, भर दुपारी खिडक्या लावून
आम्ही रात्र केली.

अंगणातली शेकोटी, दासी ओळखते,
पेत्र तीनदा नाकबूल जातो, ती रात्र.

कपडे कोणते घालू, विचारलं. लूबर्ट मालक म्हणाले, आहेत तेच.
म्हणून माझा निळा एप्रन, कोपराशी ठिगळलेली बाही,
आणि सकाळी हेरिंग साफ केल्याचा वास,
तो काही चित्रात येत नाही.
शिपायांच्या डोक्यावर आपल्याच गावच्या पहारेकऱ्यांच्या टोप्या.
"यरुशलेमचे शिंपी मला ठाऊक नाहीत," म्हणाले,
"इथला गारठा ठाऊक आहे."

पेत्र म्हणून आणला यिलिस नावाडी,
डांबराचे डाग पडलेल्या जाकिटासकट.
दिवसाला सहा स्टायव्हर, वर पातळ बिअर.
कोंबडा शेजारच्या विधवेचा, भाड्याचा,
टोपलीखाली झाकलेला, सलगमाची सालं टोचत बसलेला.

मला एकच वाक्य होतं.
चित्राला ऐकू येत नाही, तरी म्हण, ओठ खरे दिसतात.
मी म्हटलं, "तूही त्याच्याबरोबर होतास."

यिलिसनं हात वर केला, सांगितल्याप्रमाणे.
मग तो हात खाली येईना.

गेल्या एप्रिलात, धक्क्यावर,
बंदी घातलेल्या उपदेशकाला धरलं तेव्हा
कोतवालानं विचारलं होतं, हा तुझ्याच नावेतून आला ना?
दर रविवारी यिलिसच त्याला पलीकडे न्यायचा,
गवताच्या पेंढ्यांखाली.
यिलिस म्हणाला, मी नाही ओळखत या माणसाला.
उपदेशकानं वळून पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर बरं झालं असतं,
असं यिलिस म्हणतो, तिसऱ्या पेल्यानंतर.

मालकांना हे माहीत होतं का?
ते एवढंच म्हणाले, हलू नका,
आणि कुंचला असा चालवला
जसं दूध उतू चाललंय.
मेण माझ्या अंगठ्यावर ओघळलं. मी हलले नाही.

चित्र घेतलं कोतवालानंच.
जेवणघरात टांगलं, ज्योतीजवळ बोट नेलं
आणि झटकन मागे घेतलं. काय उतरलीय मेणबत्ती!
पेत्राकडे पाहिलं, ओळखलं नाही.
नावाड्याचं तोंड कोण लक्षात ठेवतो.

मलाही कधी कुणी विचारलं नाही
की त्या सकाळी धक्क्यावर
मासळीची टोपली घेऊन कोण उभी होती.
अंगठ्यावर डाग आहे अजून, वाटाण्याएवढा.

आणि कोंबडा?
दिवसभर मुका. मालकांनी अखेर मनानंच रंगवला.
संध्याकाळी परत द्यायला निघाले, तर पुलावर,
माझ्या काखेत, ऐन अंधारात
गळा फाडून आरवला.
लोक हसले.
मी त्याच्यावर एप्रन टाकला
आणि भरभर चालू लागले.