अंगठा

तोर्ग्रिमचा उजवा अंगठा
मी बावीस हिवाळे मागून पाहिलाय.
केबल धरून उभी असायचे त्याच्या पाठीशी,
पायात दोन-दोन लोकरी मोजे,
आणि समोर उतारावरून माणसं
स्वतःला हवेत टाकून द्यायची.

आमच्या स्टेशनचं ते भिंग:
दोघांनी उचलायचं, किंमत विचारायची नाही.
कळीवर अंगठा नुसता टेकवला
की सरकायचं, दुधावर साय धरावी तसं.
खाली उभ्या एखाद्या आईच्या चेहऱ्याकडे
घरबसले लोक चालत निघालेत,
हे त्यांचं त्यांनाही कळायचं नाही.
आणि दाबला जोरात
तर पापणी लवायच्या आत
दरी, पाइनची झाडं, झेंडे, पंचांचा मनोरा
सगळं गिळून
उरायचं एका स्कीचं टोक
आणि त्यावरचा ओरखडा.

एकदा मी विचारलं होतं, किती दाबायचं हे कसं ठरवतोस?
तो म्हणाला, केबल सोड, पाय गुंततोय.

आता या फेब्रुवारीत
कोंग्सबर्गच्या शाळेमागचं टेकाड, जेमतेम दहा मीटरचं.
वाफल्सचं टेबल, त्याखाली कुणाचा तरी कुत्रा.
वर रान्वेइग, वय आठ, नात,
हेल्मेट डोळ्यांवर आलेलं.
तोर्ग्रिमच्या हातात जावयानं दिलेला कॅमेरा.
सत्तरीची भेट, मुठीत मावणारी;
खोक्यावर मोठ्या आकड्यात लिहिलेलं, वीस पट.

मी सवयीनं मागेच उभी राहिले.

त्यानं अंगठा टेकवला. काही नाही.
जरा दाबला. आत डास गुणगुणल्यासारखी मोटार,
आणि चित्र निघालं
बैलगाडीच्या चालीनं.
अजून दाबला. तीच चाल.
नख पांढरं पडेपर्यंत दाबला.
तीच.
मी मनात मोजत होते:
एक, झाडं.
दोन, झाडंच.
तीन, शिडीचं कठडं.
सव्वाचारला चित्र पोचलं त्या फळीवर,
जिथून रान्वेइग केव्हाच सुटली होती,
उतरली होती, पडली होती,
उठून बर्फ थुंकत हसतही होती.
वरातीमागून घोडं, मी म्हटलं.
"याला कुरवाळा, नाही तर बदडा,"
तोर्ग्रिम अंगठा चोळत म्हणाला,
"हा आपला त्याच्या वेळेनं घरी जातो."

संध्याकाळी स्वयंपाकघरात
मोठ्या पडद्यावर लावलं सगळ्यांनी.
ब्राऊन चीजचे काप, कॉफी, ओले हातमोजे हीटरवर.
सुरुवातीला सगळं टेकाड एका दमात.
ऊन पाठीमागून होतं, कलतं,
म्हणून पुढच्या बर्फावर आमच्या दोघांच्या सावल्या,
लांबच लांब.
त्याची, कोपर वर केलेली.
माझी,
मुठी कमरेशी, एकीपुढे एक,
अशा आवळलेल्या, जणू
दोन्ही हातांत अजून केबल आहे.

कुणी काही म्हणालं नाही.
बहुतेक कुणाला दिसलंच नाही.
मोटार कुरकुरत राहिली
आणि सावल्या हळूहळू, पायांकडून नव्हे, डोक्यांकडून नव्हे,
चहूकडून चौकटीबाहेर गेल्या.

"पण मी कुठाय?" रान्वेइग म्हणाली.
जावयानं मागे नेऊन थांबवलं.
झाडांच्या पुढे एक ठिपका, मोहरीएवढा,
हवेत, हात पसरलेले असावेत.
तोर्ग्रिम खुर्चीतून उठला,
गुडघा धरून, सावकाश,
पडद्यापाशी गेला,
"ही बघ," म्हणाला,
आणि अंगठा ठेवला तिच्यावर.

ती त्याच्याखाली पूर्ण झाकून गेली.
"कुठे?" ती म्हणाली.