सावर

गिरणारे मागे पडलं तरी
द्राक्षांच्या क्रेटचा तो ट्रॅक्टर काही बाजूला होईना.
हेमलताने काच खाली केली.
फेब्रुवारीची सकाळ आत आली
आणि मागच्या सीटवरचं भांडण
एकाच शालीत शिरून गप्प बसलं.

काश्यपीच्या काठाने सोपी वाट आहे,
चढ नाही, घसरण नाही, पोरंसोरं सहज चालतात,
अख्खी फेरी दीड तासात,
असं आमच्या शिफ्टमधला निकम म्हणाला होता.
निकमला मुलं नाहीत.

अण्णा प्रेसमधून रिटायर.
पस्तीस वर्षं नोटा मोजल्या,
बायपासनंतर पावलं मोजतात.
शंभर झाली की एक खडा
डाव्या खिशातून उजव्या खिशात.
"साठ खडे घेतलेत. त्यापुढे
मला उचलून न्यायचं."

शाल्मली सहा वर्षांची.
ती चालत नाही, थांबते.
शिंपल्यापाशी थांबली.
सागाच्या पानाची नुसती जाळी उरली होती
तिच्यातून एका डोळ्याने आमच्याकडे बघत थांबली.
वाळलेल्या गोवरीवर कुणाची तरी पाच बोटं,
त्यांत आपली बसवून पाहिली.
मोठी होती.
थापट्या बदकं पाण्यात चोची फिरवत होती.
"काय हरवलंय त्यांचं?"

ओजस, माझ्या बहिणीचा, बारा वर्षांचा,
त्याने रेंज नसल्याचं समोरच्या टेकडीला
दोनदा सांगितलं.
टेकडीनेही तेच सांगितलं.

"हे पाणी खाली गंगापूरच्या धरणात जातं,
तिथून आपल्या नळाला," मी म्हटलं,
"सकाळी सहा दहाला येतं ना, तेच."
ती काठावर उकिडवी बसली.
"मग हळू बोला,
त्याला लवकर उठायचं असतं."

आम्ही खरंच हळू बोललो, बराच वेळ.
अण्णांचा खडा तेवढा खिशात वाजायचा.

पुढे वाट पाणी सोडून झाडांत शिरली.
ऐन, मोह, करवंदीच्या जाळ्या,
आणि वाळल्या पानांखाली लपलेला एक उतार
जो निकमच्या वाटेवर नव्हता.
शाल्मलीचा पाय सटकला.
हेमलता किंचाळली, "सावर!"

तिने पळसाची फांदी धरली,
धरून तशीच लोंबकळत राहिली, हसत.
आणि वरच्या अंगाला
शेळ्यांमागे उभी असलेली बाई म्हणाली,
"सावर व्हय? ती काय, तुमच्या डोक्यावर."

वर पाहिलं.
अंगावर पान एक नाही,
फांद्या हात पसरल्यासारख्या आडव्या
आणि त्यांवर लाल, जाड, मांसल फुलं,
साळुंक्यांची त्यांत नुसती झोंबाझोंबी.

शब्दकोशात नाव शोधलं होतं आम्ही
दवाखान्यातून घरी आलो त्या रात्री.
शाल्मली, स्त्रीलिंगी, काटेसावर.
झाड मात्र ओळखत नव्हतो.
सहा वर्षं हाका मारतोय.

"हे तुझं झाड."
तिने बुंध्याला हात लावला, झटकन मागे घेतला.
"मला काटे का?"
मी हेमलताकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.
बाईच म्हणाली,
"ल्हान हाये तंवर असत्यात.
न्हाईतर गुरं खातील ना.
मोठी झाली का बुडाचे गळत्यात."
आणि "हुर्रर" करत शेळ्यांच्या वाटेला लागली.
नाव विचारायचं राहिलं.

ओजसने एक पडलेलं फूल उचललं,
फोन खिशात टाकून, दोन्ही हातांनी,
कारण ते वजनदार होतं.
"कितीवर होतो मी?" अण्णांनी विचारलं.
कुणालाच माहीत नव्हतं.

फेरी पुरी झाली नाही.
डबा तिथेच उघडला, मेथीचे पराठे संपले,
उन्हं डोक्यावर आली तसे आल्या वाटेने फिरलो.
सोमवारी निकमला काय सांगायचं
याचा मी विचार करत होतो.
पुढे अण्णा आणि ती.
त्यांचा डावा हात तिच्या हातात,
खडे होते तिथेच.
जिथे जिथे पानं निसरडी
तिथे ती बजावायची, "सावर, अण्णा."
आणि पाय जपायचे सोडून
दोघंही वर बघायचे.